पन्हळीचे ओघळ पुसा, पण शिडीवरचा जीव सांभाळून

पावसाळा संपला की घराच्या दर्शनी बाजूकडे पाहवत नाही. मागच्याच वर्षी रंग दिलेला असतो; पण छपराच्या कडेच्या पन्हळीवर आणि तिच्या खालच्या भिंतीवर काळे-हिरवे ओघळ उतरलेले असतात. दिवाळी जवळ आलेली असते किंवा घरात लग्नकार्य असते. मग घरातला कोणीतरी तरुण शेजारून शिडी मागून आणतो, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात घासणी घेऊन वर चढतो. खाली धरायला कोणी नसते, पायात ओली चप्पल असते आणि डोक्यावर विजेची तार गेलेली असते. अशा वेळी होणारा अपघात हा नशिबाचा भाग नसतो. तो टाळता येतो. ओघळही निघतात आणि माणूसही सुखरूप खाली उतरतो, अशी कामाची रीत आहे. तीच या लेखात पाहू.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. शहरात हल्ली पन्हळीलाही ‘गटर’ म्हणतात. येथे रस्त्याकडेचे गटार अभिप्रेत नाही. कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावरचे पाणी पागोळ्यांनी अंगणात न पडता एका बाजूला वाहून जावे म्हणून छपराच्या कडेला जी आडवी नाळ बसवतात, ती पन्हळ. ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, अॅल्युमिनियमची, सिमेंटची किंवा पीव्हीसीची असते.

ओघळ का येतात?

पन्हळीत झाडाची पाने, कौलांची माती, पक्ष्यांची विष्ठा आणि वाऱ्याने आलेली धूळ साठते. उतरत्या पाइपाचे तोंड बंद होते. मग पाणी पाइपातून न जाता पन्हळीच्या पुढच्या कडेवरून सांडते. ते येताना ही सारी घाण विरघळवून आणते आणि ज्या वाटेने खाली येते तिथे तिची रेघ उमटते. पाणी सुकते, घाण तशीच राहते. पुढच्या सरीत त्याच वाटेने पुन्हा पाणी येते आणि रेघ आणखी दाट होते.

पाणी किती येते याचा अंदाज घेऊ. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. आपले छप्पर ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फूट आहे असे धरा. तासाभरात २५ मिलिमीटरची सर आली तर त्या छपरावरून ७५० लिटर पाणी उतरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या लहान छपरावरही त्या दिवशी २८ हजार लिटरांहून अधिक पाणी पडले असते. इतके पाणी तुंबलेल्या पन्हळीतून वाट काढू लागले तर ते भिंत सोडणार नाही.

तेव्हा ओघळ ही केवळ रंगाची नासाडी नव्हे. वर पन्हळ तुंबली आहे किंवा गळते आहे, याची ती खूण आहे. पन्हळ तशीच ठेवून नुसते ओघळ पुसले तर पहिल्या मोठ्या सरीला ते परत येतील. आणि हेच पाणी साचून राहिले तर त्यात डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिंप, टायर, कुंड्या आपण रिकाम्या करतो. डोक्यावरची पन्हळ मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

रंगावरून कारण ओळखा

घासायला लागण्यापूर्वी ओघळ नीट पाहावा.

काळा किंवा हिरवा, हाताला बुळबुळीत लागणारा ओघळ शेवाळाचा अथवा बुरशीचा असतो. तो सावलीच्या, उत्तरेकडच्या किंवा झाडाखालच्या बाजूला जास्त दिसतो.

करडा-काळा, कोरडा, बोटाने घासल्यावर काजळीसारखा लागणारा ओघळ धुळीचा व धुराचा असतो. रस्त्याकडेच्या घरांना हा त्रास अधिक.

तांबूस-तपकिरी ओघळ गंजाचा. पन्हळीचा पत्रा, तिच्या पट्ट्या किंवा खिळे गंजले आहेत असा त्याचा अर्थ.

पांढरट, खरखरीत ओघळ सिमेंटमधून पाण्याबरोबर बाहेर आलेल्या क्षारांचा असतो. सिमेंटच्या पन्हळीखाली किंवा झिरपणाऱ्या छज्जाखाली तो दिसतो.

आणखी एक परीक्षा करावी. रंगवलेल्या पन्हळीवर कोरडे बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली तर रंग उन्हाने मेला आहे. तो कितीही घासला तरी उजळणार नाही. उलट जिथे घासाल तिथे फिकट पट्टे उमटतील. अशा पन्हळीला हलक्या हाताने धुऊन नवा रंग देणे हाच उपाय आहे.

शक्यतो जमिनीवरूनच

सर्वांत सुरक्षित शिडी म्हणजे न लावलेली शिडी! बैठ्या घराची पन्हळ साधारण नऊ-दहा फुटांवर असते. तिचा बाहेरचा भाग आणि खालची भिंत धुण्यासाठी वर चढण्याची गरजच नाही. रंगारी रोलरला जी लांब होणारी दांडी लावतात, ती रंगाच्या दुकानात मिळते. तिच्या टोकाला मऊ केसांचा ब्रश किंवा स्पंज घट्ट बांधावा. दांडी नसेल तर सरळ, कोरडा बांबू चालेल. विजेची तार जवळून गेली असेल तर मात्र धातूची दांडी वापरू नये, आणि ओल्या बांबूतूनही वीज वाहते हे विसरू नये. तारेजवळचा भाग सोडून द्यावा किंवा वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. एक-दोन ओघळ राहिले तर घर पडत नाही.

काम करताना पन्हळीच्या बरोबर खाली उभे राहू नये. दोन पावले मागे, थोडे बाजूला उभे राहावे, म्हणजे घाण पाणी डोळ्यांत येत नाही. साधा चष्मा असला तरी घालावा. हातात रबरी मोजे हवेत. उंदरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून पन्हळीतला गाळ उघड्या हाताने काढू नये. कबुतरांची विष्ठा वाळलेली असेल तर आधी पाणी मारून ती भिजवावी. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. नाकातोंडाला मास्क लावावा.

धुण्याची रीत

हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. दुपारी पत्रा तापलेला असतो. साबणाचे पाणी लावताक्षणी वाळते आणि त्याचाच नवा डाग बसतो.

प्रथम पन्हळीतला कचरा काढून घ्यावा, नंतर बाहेरचे ओघळ. उलटे केले तर धुतलेली भिंत पुन्हा घाण होते. पावसाचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडण्याची सोय केली असेल तर धुण्यापूर्वी तो पाइप बाजूला काढावा.

अर्धी बादली पाण्यात दोन चमचे भांडी घासण्याचा द्रव साबण पुरतो. आधी भाग साध्या पाण्याने ओला करावा. मग साबणाचे पाणी खालून वर लावत जावे. वरून खाली लावले तर मळलेले पाणी खालच्या कोरड्या भागावरून ओघळते आणि त्याच्या रेघा पक्क्या बसतात. पाच मिनिटे थांबावे, मऊ ब्रशने घासावे आणि शेवटी स्वच्छ पाणी वरून खाली सोडावे. एका वेळी चार-पाच फुटांचाच पट्टा घ्यावा. साबण वाळू देऊ नये. नळीचे पाणी कौलांच्या खालून वर मारू नये. ते वाशांत आणि घरात शिरते.

शेवाळ साबणाने निघाले नाही तर घरगुती द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग असे मिश्रण करून लावावे, दहा मिनिटे ठेवावे व भरपूर पाण्याने धुवावे. रंगीत भिंतीवर आधी कोपऱ्यात लावून पाहावे. खालच्या झाडांवर अगोदर व नंतर पाणी मारावे. धातूच्या पन्हळीवर ब्लीच रेंगाळू देऊ नये, त्याने धातू खराब होतो.

गंजाच्या डागावर लिंबूसत्त्वाचे पाणी लावून मऊ ब्रशने घासावे. पण डाग जाईल, गंज राहील. गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासून, प्रायमर देऊन रंगवली पाहिजे. जस्ताच्या पत्र्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्यावा. पांढरे क्षार आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावेत. पाणी मारले तर ते विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात.

हे कदापि करू नका

संडास साफ करण्याचे अॅसिड पन्हळीवर ओतण्याची सवय पुष्कळांना आहे. डाग लगेच जातो, म्हणून समाधान वाटते. परंतु ते अॅसिड जस्ताचा मुलामा खाऊन टाकते. मुलामा गेला की पुढच्या पावसात पत्रा गंजतो. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातात. तारेच्या काथ्याने पत्र्यावर व पीव्हीसीवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत मळ अधिकच घट्ट बसतो. पीव्हीसीला थिनर लावू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लीच आणि अॅसिड कधीही एकत्र करू नये, एकापाठोपाठ एक त्याच जागी वापरूही नये. त्यांतून क्लोरीन वायू निघतो. शिडीवर असताना हा वायू छातीत गेला तर ठसका लागून माणूस तोल सांभाळू शकत नाही. ब्लीच आणि अमोनिया असलेली द्रावणे यांचेही तसेच. या बाटल्या पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नयेत. लहान मुले पितात.

शिडी लावावीच लागली तर

पन्हळीतला गाळ काढायचा असेल किंवा घर उंच असेल, तर शिडीवाचून चालत नाही. मग पुढील नियम पाळावेत.

शिडी आधी आडवी ठेवून तपासावी. पायरी हलत असेल, बांबू चिरला असेल, दोरी कुजली असेल तर ती शिडी वापरू नये.

जमिनीपासून शिडी जिथे टेकते तिथपर्यंत जितकी उंची, तिच्या चौथ्या हिश्श्याइतके अंतर शिडीच्या पायात आणि भिंतीत ठेवावे. बारा फुटांवर टेकली तर पाय भिंतीपासून तीन फूट. याहून जवळ ठेवली तर शिडी मागे कलंडते. लांब ठेवली तर खालून घसरते.

शिडी पन्हळीला टेकवू नये. सहा इंच रुंदीची, वीस फूट लांबीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली तर तिच्यात ५० किलोहून अधिक वजनाचे पाणी मावते. जुन्या पट्ट्यांवर एवढा भार झेलणारी पन्हळ माणसाचे वजन झेलणार नाही. शिडी पक्क्या भिंतीला टेकवावी व वरचे टोक दोरीने बांधावे. छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आले असेल तर भिंतीला टेकवलेल्या शिडीवरून मागे वाकावे लागते, आणि तिथेच घात होतो. अशा ठिकाणी रंगारी जिला घोडा म्हणतात ती, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी घ्यावी.

पाय मातीत रुतू नयेत म्हणून खाली रुंद फळी ठेवावी. वीट, दगड किंवा स्टुलावर शिडी उभी करू नये. जवळचे दार बाहेर उघडत असेल तर आतून कडी लावावी. शिडी खालून धरायला एक मोठा माणूस हवाच, आणि त्याने दुसरे कोणतेही काम करू नये. लहान मुलांवर हे काम सोपवू नये.

चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार सतत शिडीवर असावेत. म्हणून बादली हातात धरून चढू नये. वर गेल्यावर ती दोरीने ओढून घ्यावी किंवा आकड्याने अडकवावी. वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. ‘एवढा हात लांबवला की झाले’ हा मोह टाळावा. पोट शिडीच्या दोन बाजूंच्या आतच राहिले पाहिजे. पुढचा भाग धुवायचा असेल तर उतरावे, शिडी सरकवावी आणि पुन्हा चढावे. वेळ लागतो, तो लागू द्यावा.

पायात रबरी तळाचे बंद बूट असावेत. साडीचा पदर, ओढणी, सैल लुंगी खोचून घ्यावी. चक्कर, रक्तदाब, मिरगीचा त्रास असेल, झोप झाली नसेल किंवा मद्य घेतले असेल तर चढू नये. वारा सुटला असेल, पाऊस भुरभुरत असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत

आपल्याकडे हजारो घरांवर आणि शाळांवर सिमेंटचे पत्रे आहेत. जुन्या पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते. असा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण त्यावर पाय दिला की अचानक फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. त्यावर कधीही चालू नये. तो कोरडा घासू नये, तारेच्या ब्रशने खरवडू नये, जोराच्या फवाऱ्यानेही धुऊ नये. त्याचे सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन बसतात. त्यांचे दुखणे अनेक वर्षांनी, कधी कर्करोगाच्या रूपाने, पुढे येते. त्या पत्र्यांवरचे काळे डाग तसेच राहू द्यावेत. फक्त पन्हळीतला गाळ ओला करून काढावा.

दुसऱ्याला वर चढवताना

दोन मजली किंवा त्याहून उंच घराची पन्हळ हे घरच्यांनी करण्याचे काम नाही. ते जाणकार कामगाराकडे द्यावे. पण काम दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे नव्हे. नाक्यावरून आणलेला माणूस गरजेपोटी ‘जातो साहेब’ म्हणतो. त्याच्याजवळ दोरी नसते, पट्टा नसते, आणि पडला तर घरी बसून खायला शिल्लकही नसते. आपल्या मुलाला ज्या पद्धतीने वर पाठवणार नाही, त्या पद्धतीने दुसऱ्याच्या मुलालाही पाठवू नये.

म्हणून मजुरी ठरवण्याआधी साधने विचारावीत. उंचीच्या कामाला नीट बांधलेली परांची हवी. डोक्यावर हेल्मेट हवे. छाती, खांदे आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टा हवा आणि त्याची दोरी पक्क्या ठिकाणी अडकवलेली हवी. खिडकीचे गज, पाण्याचा पाइप किंवा टीव्हीची तबकडी हे पक्के ठिकाण नव्हे. कमरेला नुसता दोर गुंडाळणे धोक्याचे आहे; पडताना त्याच्या हिसक्याने पोटाला व मणक्याला इजा होते. या साधनांमुळे पैसे थोडे अधिक पडतील. ते द्यावेत. चाळीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी काम काढले तर परांचीचा खर्च वाटला जातो. समाजमंदिराचे, शाळेचे काम असेल तर उत्साही पोरांना दोरीवाचून छपरावर चढवू नये. सेवाभावाने गुरुत्वाकर्षण कमी होत नाही.

आपल्या वाचकांत रंगकाम, गवंडीकाम करणारे अनेक बांधव आहेत. त्यांनीही ‘पट्टा नसेल तर चढणार नाही’ असे स्पष्ट सांगावे. यात भित्रेपणा नाही.

अपघात झालाच तर

पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मानेला किंवा मणक्याला मार असेल तर हलवल्याने कायमचे पंगुत्व येऊ शकते. आहे त्या स्थितीत ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. विजेचा धक्का बसला असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. बाहेरची तार असेल तर वीज कंपनीने प्रवाह तोडेपर्यंत जवळ जाऊ नये. डोळ्यांत ब्लीच गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा व डॉक्टरांकडे जावे.

ओघळ पुन्हा येऊ नयेत म्हणून

पन्हळ वर्षातून दोनदा साफ करावी. मे महिन्यात पावसाआधी आणि ऑक्टोबरात पावसानंतर. शेवाळ ओलसर असतानाच काढले तर निम्मे श्रम वाचतात. पन्हळीला पाइपाच्या दिशेने दर दहा फुटांना पाव ते अर्धा इंच उतार हवा. एक तांब्या पाणी ओतून पाहावे. मध्येच थांबले तर तिथली पट्टी खाली बसली आहे. पट्ट्या दोन-तीन फुटांवर असाव्यात. पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवावी, सांधे गळत असतील तर सीलंटने भरावेत, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटून घ्याव्यात. आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे अंगणात उभे राहावे. पाणी कुठून सांडते ते त्या वेळी डोळ्यांना दिसते; मग शिडी कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाही, हेही ठरवता येते.